कानाला लावलेली गोवरी

गोदावरीच्या काठी, गंगाखेडला जनाबाईचं देऊळ आहे. परभणी जिल्ह्यातलं हे गाव तिचं माहेर. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि नामदेवांच्या त्या गोतावळ्यात दळण-कांडण करत आयुष्यभर राहिली. तिच्याबद्दलची एक गोष्ट कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. जनाबाईचं नाव ऐकून कबीर पंढरपूरला येतात. पाहतात तर ही बाई दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून भांडते आहे. कुणी कुणाच्या गोवऱ्या उचलल्या, एवढाच वाद. दोघींचा ढीग एक झालेला, आणि गोवरीवर काही कुणाचं नाव नसतं. मग जनाबाईच निवाडा सांगते: एकेक गोवरी उचला, कानाला लावा, जिच्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी. कबीर गोवरी कानाला लावतात, आणि त्यांना नाव ऐकू येतं.

इतिहासाच्या हिशेबात ही भेट बसत नाही. परंपरेप्रमाणे जनाबाईचा शेवट १३५० सालचा, कबीर पंधराव्या शतकातले. तरीही लोकांनी ही गोष्ट जपली, कारण तिच्या पोटात एक खरा धार्मिक प्रश्न आहे. शेण, भुसा आणि एका बाईच्या पंजाचा ठसा एवढंच जिच्यात असतं, तिच्यात ऐकण्यासारखं काय असणार? रोजच्या जगण्यातल्या साध्या गोष्टी बोलण्याजोग्या, ऐकण्याजोग्या असतात का? की माणसाने तोंड उघडायचं ते थोर विषयांसाठीच?

आज कानाला गोवरीऐवजी फोन असतो. परभणीच्या शिवारात कापूस वेचणीला बाया उतरल्या की एखादीच्या पिशवीत मोबाइल वाजत असतो. गाणी असतात, सप्ताहातली कीर्तनं असतात, कुणाच्या तरी गप्पाही असतात. या गप्पांना आता पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या एका लेखात सुचवला, आणि २००५ च्या जूनमध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिल्यावर तो जगभर पसरला. यामागची यंत्रणा फार साधी आहे. आवाजाची एक फाइल, आणि ती कुठे ठेवली आहे हे सांगणारी आरएसएस नावाची एक यादी. बोलणाऱ्याला कुठल्या केंद्राची परवानगी लागत नाही, वेळेची चौकट लागत नाही, निवड समिती लागत नाही. परभणीला आकाशवाणीचं केंद्र आहे, कृषी विद्यापीठ आहे. पेरणी, फवारणी, बाजारभाव हे विषय इथल्या हवेत पूर्वीपासून आहेत. पण कशावर बोलायचं हे आजवर बहुतेक वेळा वरून ठरायचं. स्वतंत्र पॉडकास्टने तो निर्णय बोलणाऱ्याच्या हातात दिला.

आणि बोलणाऱ्यांनी काय निवडलं? इथेच गंमत आहे. माणसं विश्वाच्या उत्पत्तीवर बोलतात तशीच पोळी फुगत का नाही यावर बोलतात. कर्जाचा हप्ता, सासूचं आजारपण, वजन, झोप न लागणं, वडिलांशी अबोला, पहिली नोकरी, दुसरं लग्न, घरातला कुत्रा. मराठीत सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ आहे, विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’ आहे, ‘व्हायफळ’ आहे, ‘अमुक तमुक’ आहे. यांतल्या काही नावांतच विषयांचा पसारा दिसतो. अमुकही चालेल, तमुकही चालेल. बाहेरच्या जगात अमेरिकेच्या रोमन मार्सने २०१० मध्ये ‘नाइंटी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल’ सुरू केलं. आपल्या भोवतीच्या वस्तू, इमारती, चिन्हं अशी का घडली, हा त्याचा विषय. इयन चिलॅगचं ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ २०१८ पासूनचं. त्यात निर्जीव वस्तूंच्या मुलाखती होतात, आणि पहिलीच मुलाखत एका थंड पेयाच्या डब्याची आहे.

हे ऐकून पैठणच्या बाजूचा माणूस दचकणार नाही. गंगाखेडच्या वर, त्याच गोदावरीच्या काठी, सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. त्यात विंचू आहे, एडका आहे, पिंगळा आहे, जोशी आहे, फकीर आहे, अंगात येणारं भूत आहे. घरात, रस्त्यात, बाजारात जे जे भेटतं त्याला नाथांनी बोलायला लावलं. गोरोबांनी माती तुडवता तुडवता, सावतोबांनी मळ्यात, सेना महाराजांनी हजामत करता करता जे सांगितलं त्यात त्यांच्या धंद्याचे शब्द आले. वारकरी परंपरेने कामाच्या भाषेला देवाच्या भाषेइतकाच मान दिला. म्हणून या प्रदेशात रोजच्या विषयांची बाजू घेणं सोपं वाटतं.

पण तसं ते सोपं नाही. समोरच्या बाजूला साक्षात बुद्ध उभे आहेत.

दीघनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं पहिलंच सुत्त ब्रह्मजालसुत्त. त्यात कोणत्या गप्पांपासून श्रमण दूर असतो याची एक लांब यादी येते. राजांच्या गप्पा, चोरांच्या, मंत्र्यांच्या, सैन्याच्या, लढायांच्या. खाण्याच्या, पिण्याच्या, कपड्यांच्या, अंथरुणाच्या. नातेवाइकांच्या, वाहनांच्या, गावांच्या आणि शहरांच्या. गल्लीतल्या गप्पा. पाणवठ्यावरच्या गप्पा, त्यांना पालीत स्वतंत्र नाव आहे: कुंभट्ठानकथा, जिथे घडे भरले जातात तिथलं बोलणं. या सगळ्यांना मिळून म्हटलं आहे ‘तिरच्छानकथा’, म्हणजे तिर्यक, आडवी जाणारी कथा. वर नेत नाही, मुक्तीकडे नेत नाही, नुसती आडवी पसरत जाते. आजच्या कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये विषयांचे जे कप्पे असतात, राजकारण, गुन्हे, खाणं, फॅशन, कुटुंब, गाड्या, प्रवास, ते या यादीशेजारी ठेवून पाहावेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीतून फारसं काही सुटलेलं नाही.

परभणी जिल्ह्यात गावोगावी बुद्धविहार आहेत, आणि तिथे बसणाऱ्या माणसासाठी हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. त्यात तथ्यही आहे. दिवसभर कानात कुणीतरी बोलत असलं की माणसाचा स्वतःशी होणारा संवाद बंद पडतो. तासन्‌तास ऐकून झाल्यावर काय ऐकलं ते आठवत नाही, हा अनुभव पुष्कळांना आहे. बोलणाऱ्याच्या बाजूनेही तेच. दर आठवड्याला काहीतरी बोललंच पाहिजे म्हटलं की बोलणं आडवं पसरू लागतं.

मात्र बुद्धपरंपरेनेच या आक्षेपाची दुसरी बाजू दाखवून ठेवली आहे. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, याच यादीचा अर्थ सांगताना एक बारीक भेद केला आहे. अमका राजा किती देखणा, असं कौतुक चाललं तर ती आडवी कथा. पण एवढा बलाढ्य राजासुद्धा गेलाच, या जाणिवेने त्याच्याबद्दल बोललं तर तेच बोलणं ध्यानाचा विषय होतं. राजा तोच, विषय तोच. फरक बोलणाऱ्याच्या चित्तात. आणि त्याच पाली साहित्यात थेरीगाथा आहेत, भिक्खुणींच्या उद्गारांचा संग्रह. त्यातली मुत्ता आपल्या मुक्तीबद्दल सांगते तेव्हा उखळ-मुसळातून सुटले, असं नावानिशी सांगते. मोक्षाच्या उद्गारात उखळ आलं, कारण तिचं बंधन उखळाचंच होतं. ज्याने आयुष्यभर उखळात कांडलं नाही त्याला मुक्ती कशापासून हे वेगळ्या शब्दांत सांगावं लागेल. मुत्ताला ते शब्द लागले नाहीत.

म्हणजे विषय लहान की मोठा या वादाने फार काही हाती लागत नाही. विचारायचं ते दुसरंच: हे कोण बोलतंय, आणि त्याचे हात त्या विषयात आहेत का?

शेजारच्या बीड जिल्ह्यातलं उदाहरण या प्रश्नाला जमिनीवर आणतं. दसरा झाला की बीडमधून, आणि परभणीतल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतूनही, माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात बाईने कपडा कुठे बदलायचा, पाणी कुठून आणायचं, हा विषय कुठल्या सभेत, कुठल्या कार्यक्रमात, कुठल्या व्याख्यानमालेत घेण्याजोगा मानला गेला नाही. तो फार किरकोळ होता, शिवाय बोलायला लाजेचा. २०१९ मध्ये या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात त्याची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दवाखान्यांचा लोभ, मुकादमांचा हिशेब, गरिबी, अशी कारणं अनेक आहेत. त्यांत हेही एक धरावं लागतं, की ज्या गोष्टीवर आधी साधेपणाने बोलायला हवं होतं तिच्यावर कुणी बोललं नव्हतं.

धर्माने मात्र फार पूर्वी याच मराठी मुलखात त्यावर बोलून ठेवलं होतं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी विटाळाची कल्पना मोडून काढली. नाकातून शेंबूड यावा तसा हा शरीराचा एक स्राव, त्यात अपवित्र काही नाही, असा त्यांचा विचार लीळाचरित्रात नोंदलेला आहे. तो आपल्यापर्यंत पोचला तो म्हाइंभटांमुळे. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी विचारल्या, पारखून घेतल्या, लिहून काढल्या. १२७८ च्या सुमाराचं हे काम मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ठरलं. आणि त्या ग्रंथात काय आहे? स्वामी कुठे थांबले, कुणी काय वाढलं, वाटेत कोण भेटलं, म्हातारीने काय विचारलं. तत्त्वज्ञान आहे ते या सगळ्याच्या मधोमध, ताटाशेजारी आणि चपलांशेजारी. महादाइसेसारखी बाई प्रश्न विचारत राहते आणि स्वामी उत्तरं देत राहतात. मराठी गद्याचा पायाच असा प्रश्नोत्तरांचा आणि रोजच्या तपशिलांचा आहे. ‘अमुक तमुक’ची ‘खुसपुस’ ही मालिका शरीर, लैंगिकता, मन यांवर उघडपणे बोलते तेव्हा काही लोकांना हे परकं वारं वाटतं. ते तसं नाही. ही वाट साडेसातशे वर्षं जुनी आहे, मध्ये तिच्यावर गवत वाढलं होतं.

जनाबाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत केर आहे, शेण आहे, धुणं आहे, केसांतल्या उवा आहेत, आणि सगळ्यात ठळक जातं आहे. जात्याबद्दल एक गोष्ट शहरात वाढलेल्या वाचकाला सांगावी लागते: जातं पुष्कळदा दोघी मिळून ओढत. दोघी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, एकीने आपल्याकडे ओढलं की दुसरीने आपल्याकडे. एकटीला दळण जड जातं, सोबतीण असली की हलकं होतं. जनाबाई दासी होती. पहाटे तिच्यासमोर बसायला कुणी नव्हतं. तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन तिच्यासोबत दळू लागतो, तेव्हा तो त्या रिकाम्या जागेवर बसतो. या देवाचं वेगळेपण तिथे आहे. तो उपदेश करत नाही, दर्शन देऊन निघून जात नाही. तो खुंट्याला हात लावतो आणि ओवी ऐकतो.

ऐकणं ही इथे धर्मकृती झाली. सिमोन वेय ही फ्रेंच विचारवंत १९३४-३५ मध्ये कारखान्यात मजुरी करायला गेली होती. आयुष्य अवघं चौतीस वर्षांचं. मागे तिने एक विचार ठेवला, की एखाद्या गोष्टीकडे पूर्ण, निखळ लक्ष देणं हीच प्रार्थना असते. यंत्रापुढे उभं राहून थकलेल्या बाईला हे सुचावं, आणि सहाशे वर्षं आधी जात्यापुढे थकलेल्या बाईला देव ऐकणारा म्हणून दिसावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कष्ट करणाऱ्याला आधी सोबत लागते, उत्तरं नंतर. सॅन क्वेंटिन या कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात २०१७ पासून ‘इअर हसल’ नावाचं पॉडकास्ट आतल्या माणसांच्या सहभागाने तयार होतं. त्याचा पहिला भाग न्याय, शिक्षा, सुधारणा अशा विषयांवर नाही. एका चिंचोळ्या कोठडीत दोन माणसांनी एकत्र राहायचं कसं, यावर आहे. कैद झालेल्या माणसाला जगाने ऐकावं असं वाटलं ते हे.

पण इथे परभणीच्या बाजूने एक तक्रार मांडली पाहिजे, आणि ती जोरात मांडली पाहिजे. जात्यावर बसलेली बाई बोलत होती. तिचे हात कामात होते आणि तोंड मोकळं होतं. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, फार मोठे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते, त्याबद्दल हळहळायचं कारण नाही. पण जात्याबरोबर बाईच्या बोलण्याची हक्काची जागाही गेली. आज तिचे हात तसेच कामात आहेत, कापसाच्या बोंडात, भाकरीच्या पिठात. मात्र तोंड मिटलेलं आहे आणि कान उघडे. बोलतंय दुसरंच कुणीतरी, बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या खोलीत बसून, तिकडच्या बोलीत. रोजच्या विषयांचा एवढा मोठा बाजार भरला, पण त्यात सोनपेठचं रोजचं जगणं, जिंतूरचं रोजचं जगणं किती ऐकू येतं? सोयाबीनच्या मळणीत नाकातोंडात जाणारी धूळ, आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांमागे आजीपाशी राहिलेली पोरं, उरुसाच्या दिवसांत परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याकडे जाणारी सगळ्या धर्मांची गर्दी. हे विषय आहेत. त्यांना फक्त आवाज नाहीत. फोन मात्र घराघरात आहे, आणि पॉडकास्टला लागतं त्यातलं बहुतेक सगळं त्या फोनमध्ये आहे.

हे होऊ शकतं याचा पुरावा जुनाच आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्या ध्वनिमुद्रितही झाल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ च्या मार्चपासून ‘पारी’ या संस्थेने त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांची वर्गवारी पाहिली तर डोळे भरून येतात: आई, भाऊ, मुलगी सासरी जाणं, पाऊस, बाजार, महागाई, बाबासाहेब, पंढरीची वाट, नवऱ्याचा मार, शेजीचं प्रेम. कुठल्या संपादकाने हे विषय दिले नव्हते. जी दळत होती तिने ते उचलले होते, आणि देव, धान्य, दुःख यांच्यात वर-खाली असं काही तिने मानलं नव्हतं.

या संग्रहात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचा आवाज आहे. त्या ओव्यांत सीता वनवासाला निघते. गाणारीचा स्वर कापरा आहे. रानात एकट्या पडलेल्या सीतेचं दुःख सांगताना तो स्वर रामायणातला राहत नाही, ताडकळसच्या एखाद्या घरातला होतो. गावात आज कुणाही मुलीला तो आवाज फोनवर लावता येतो. ओवीची एक ओळ संपते आणि पुढची सुरू होण्याआधी श्वासाएवढी जागा सुटते. जात्यावर ती जागा समोरच्या बाईची असायची, तिथे ती सूर धरायची.